क्वार्टर्ली टार्गेट, सन १४९५

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. हिंजवडीत, ऐरोलीत, एखाद्या फ्लोअरवर अचानक शांतता पसरते. तुमचा क्लायंट अमेरिकन बँक असेल तर त्या दिवशी कॉल नाही, एस्कलेशन नाही, ‘जेंटल रिमाइंडर’ नाही. का, म्हणून विचारलं की टीम लीड कॅलेंडर बघून सांगतो, “अरे, कोलंबस डे आहे तिकडे!” आपण खूश. समोसे मागवले जातात.

ज्याच्या नावाने हे समोसे येतात तो गृहस्थ निघाला होता ‘इंडीज’ला. म्हणजे जपान, चीन, हिंदुस्थान असा पूर्वेकडचा सगळा मुलूख. पोचला बहामा बेटांवर, आणि समोर दिसले त्यांना ‘इंडियन’ म्हणून मोकळा झाला. एडिसनमध्ये राहणारी तुमची मावसबहीण पाचशे वर्षांनंतरही अमेरिकन जनगणनेच्या फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ या चौकटीत टिक करते, ती त्याच घोळामुळे.

तर आजचा सिनेमा या महाशयांवरचा. ‘१४९२: काँक्वेस्ट ऑफ पॅराडाइज’. दिग्दर्शक रिडली स्कॉट. ‘एलियन’, ‘ब्लेड रनर’, ‘ग्लॅडिएटर’वाला. १९९२ साली, कोलंबसच्या सफरीला ५०० वर्षं झाली म्हणून, हॉलिवूड आणि आजूबाजूच्या मंडळींना एकदम कोलंबसचा उमाळा आला होता. एकाच वर्षात तीन सिनेमे! एकात मार्लन ब्रँडो चक्क इन्क्विझिशनचा प्रमुख तोर्केमादा झाला होता. दुसरा ब्रिटिशांच्या ‘कॅरी ऑन’ मालिकेतला धमाल विनोदी. तिसरा हा स्कॉटचा, सगळ्यात देखणा आणि सगळ्यात खर्चिक. सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर ओतले आणि अमेरिकेत कमाई झाली ७० लाखांच्या आसपास. डब्यात गेला. गंमत म्हणजे त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने कोलंबस डे रद्द करून त्या दिवशी मूळ रहिवाशांचा दिवस साजरा करायला सुरुवात केली. म्हणजे सिनेमा रिलीज होतोय आणि बर्थडे बॉयच्याच नावाने ठणाणा चाललाय. टायमिंग म्हणजे टायमिंग!

सिनेमा पडला, पण संगीत उरलं. व्हँगेलिसने केलेली त्याची थीम तुम्ही ऐकलेली आहे, नावानं माहीत नसेल इतकंच. जर्मन बॉक्सर हेन्री मास्के त्या ट्यूनवर रिंगमध्ये उतरायचा आणि १९९५ मध्ये ती युरोपभर टॉपला गेली. न्यूझीलंडची क्रुसेडर्स ही रग्बी टीम तिच्यावर मैदानात आली. त्यातल्या कोरसचे शब्द लॅटिन वाटतात, पण ते कुठल्याच भाषेतले नाहीत, लॅटिनसारखे वाटावेत म्हणून रचलेले आहेत. एका कंपनीच्या ॲन्युअल डेला मी ती वाजताना ऐकली आहे. धूर सोडला, दिवे मंद केले, ढम्म-ढम्म सुरू झालं आणि स्टेजवर व्हाइस प्रेसिडेंट अवतरले. ‘जिंकायला निघालेला माणूस’ दाखवायचा असेल तर जगभर हीच ट्यून. कोणाला जिंकायला, हे ट्यून वाजताना कोणी विचारत नाही. सिनेमाचाही प्रॉब्लेम नेमका हाच आहे.

पण आधी कौतुक. पहिला तास भन्नाट आहे. कुठल्याही स्टार्टअपवाल्याने पाहावा असा. कोलंबस म्हणजे फंडिंग शोधत वणवण फिरणारा माणूस. प्रत्यक्षात त्याने आधी पोर्तुगालच्या राजाला पिच केलं, तिथे रिजेक्ट. मग स्पेनमध्ये तज्ज्ञांची कमिटी बसली. कमिटीने काय करावं? वर्षानुवर्षं विचार करून नकार कळवला. (कमिट्या तेव्हाही तशाच.) जेरार देपार्द्यू हा फ्रेंच नट इटालियन कोलंबस झालाय, समोर अमेरिकन सिगर्नी वीव्हर स्पेनची राणी इझाबेला, आणि दोघं बोलतात इंग्रजीत. देपार्द्यूचे काही उच्चार समजायला दोनदा रिवाइंड करावं लागतं. पण त्या दोघांची भेट बघा. राणीला प्रोजेक्ट कळत नाही, माणूस कळतो. इन्व्हेस्टर मीटिंगचं इतकं अचूक चित्र कमी वेळा बघायला मिळतं.

आणि डील? १७ एप्रिल १४९२ रोजी सांता फे इथे सही झालेला करार वाचून आजचे एचआरवाले चक्कर येऊन पडतील. महासागराचा ॲडमिरल ही पदवी, सापडेल त्या मुलखाचं व्हाइसरॉयपद, सोनं-मोती-मसाल्यांत १० टक्के वाटा, शिवाय पुढच्या जहाजांमध्ये एक-अष्टमांश पैसे घालून तितकाच नफा उचलायचा हक्क. ॲडमिरलपद तर वंशपरंपरेने. हा माणूस नुसता स्वप्नाळू नव्हता हो, ऑफर लेटर कसं निगोशिएट करायचं हे त्याला व्यवस्थित कळत होतं. पुढे हाच करार इतका महागात पडतोय असं दिसल्यावर राजघराण्याने हात आखडते घेतले आणि कोलंबसच्या वारसांनी थेट सरकारवर खटले भरले. ते चालले १५३६ पर्यंत.

सुरुवातीला एक सीन आहे, छोट्या मुलाला संत्रं दाखवून कोलंबस पृथ्वी गोल असल्याचं समजावतो. गोड सीन. पण त्यामुळे शाळेतला जुना गैरसमज परत पक्का होतो, की बाकीच्यांना पृथ्वी सपाट वाटत होती आणि हा एकटा शहाणा. तसं काही नव्हतं. पृथ्वी गोल आहे हे त्या पंडितांना चांगलं ठाऊक होतं. भांडण होतं ते आकाराचं. कोलंबसच्या हिशेबाने कॅनरी बेटांपासून जपान सुमारे २,४०० सागरी मैलांवर होतं. खरं अंतर सुमारे १०,६००. म्हणजे एक्सेल शीट साफ चुकलेली, आणि कमिटीच बरोबर! मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून हा वाचला, नाहीतर अन्नपाण्यावाचून तीनही जहाजं समुद्रातच संपली असती.

मग सफर. ३ ऑगस्टला पालोस बंदरातून तीन जहाजं आणि नव्वदच्या आसपास माणसं निघाली. कॅनरी बेटं सोडल्यानंतर महिना उलटला तरी जमीन नाही. कोलंबस खलाशांना रोज कमी अंतर सांगायचा आणि खरा वाटणारा आकडा स्वतःजवळ ठेवायचा. एक रिपोर्ट टीमला, एक स्वतःला. बंड व्हायच्या बेतात असताना १२ ऑक्टोबरला पहाटे ‘पिंटा’ जहाजावरच्या रोद्रिगो नावाच्या खलाशाला जमीन दिसली. पहिल्यांदा जमीन बघणाऱ्याला दरसाल १०,००० माराव्हेदी इनाम जाहीर झालेलं होतं. ते कोणाला मिळालं? कोलंबसला! म्हणे आदल्या रात्री त्याला दूर उजेड दिसला होता. ज्यांचं प्रेझेंटेशन कधी ना कधी बॉसने स्वतःच्या नावावर खपवलंय त्यांनी इथे दोन मिनिटं मौन पाळावं.

स्कॉटने हा क्षण मात्र असा टिपलाय की सगळं माफ करावंसं वाटतं. जहाज धुक्यात. काहीच दिसत नाही. मग पडदा बाजूला करावा तसं धुकं सरकतं आणि समोर हिरवंगार, ओलं, दाट जंगल. व्हँगेलिस सुरू. स्लो मोशनमध्ये माणसं पाण्यातून वाळूवर येतात, कोलंबस गुडघ्यांवर कोसळतो. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. तुमच्या आमच्या मनातल्या सगळ्या ‘राजीनामा देऊन निघून जावं’ टाइप स्वप्नांना स्कॉटने तिथे बरोबर हात घातलाय.

इंटरव्हलनंतर (इंग्रजी सिनेमाला इंटरव्हल नसतो, पण आपण चहा ठेवायला उठतोच) मामला बदलतो. दुसरी सफर, आता १७ जहाजं. गाव वसवायचं आहे, चर्च बांधायचंय. एक प्रचंड घंटा दोरखंडांनी वर चढवतात, स्थानिक आणि स्पॅनिश सगळे मिळून ओढतायत. जबरदस्त सीन. काळ्या कपड्यांतला सरदार मोहिका मात्र कामासाठी आपला घोडा द्यायला तयार नाही. कोलंबस म्हणतो, इथे सगळ्यांनी राबायचं. आपण अर्थातच कोलंबसच्या बाजूने. आणि इथेच सिनेमाचं घोडं पेंड खातं.

कारण या मोहिकाला स्कॉट आणि पटकथाकार रोझलिन बॉश यांनी एक खास काम दिलंय. पापं गोळा करायचं. स्थानिक लोक रांगेत उभे आहेत, प्रत्येकाने सोनं आणून द्यायचंय. एकाकडे सोनं नाही. मोहिका त्याचा हात तोडतो. कोलंबस संतापतो, मोहिकाला कैद करतो, पुढे बंड होतं आणि मोहिका कड्यावरून उडी घेतो. हिशेब चुकता! स्वप्न बघणारा वेगळा, हात तोडणारा वेगळा. आपला हीरो दुःखी डोळ्यांनी समुद्राकडे बघायला मोकळा.

खऱ्या इतिहासात मोहिका नावाचा सरदार होता. त्याने बंडाचा कट केला आणि १५०० मध्ये कोलंबसच्या हुकमावरून त्याला मारण्यात आलं. पण ती सोन्याची रांग काही त्याने लावलेली नव्हती. ती पॉलिसी खुद्द कोलंबसची. आणि ती कशी होती हे ऐकाच.

१४९२ मध्ये पहिल्या भेटीत स्पॅनिश मंडळींनी तिथल्या ताइनो लोकांना काचेचे मणी दिले, लाल टोप्या दिल्या आणि पितळी घुंगरं दिली. शिकारीच्या ससाण्याच्या पायात बांधतात तसली, इवलीशी. ताइनोंना ती जाम आवडली. आवाज ऐकून हसायचे, आणखी मागायचे. दोन-तीन वर्षांत तेच घुंगरू माप झालं. सोन्याच्या खाणींजवळच्या भागात चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरूभर सोन्याची भुकटी आणून द्यायची. जिथे सोनं नाही तिथे माणशी पंचवीस पौंड कापूस. भरणा केला की पावती म्हणून धातूचा बिल्ला मिळायचा, तो गळ्यात घालून फिरायचं. बिल्ला नसलेला सापडला की शिक्षा.

क्वार्टर्ली टार्गेट. गळ्यात आयडी कार्ड. आपण आपल्या नोकरीच्या नावाने कितीही बोटं मोडत असलो तरी इथे विनोद सुचत नाही. कारण त्या बेटावर मुळात इतकं सोनं नव्हतंच. नदीच्या वाळूतून कण कण गाळून काढायचे, आणि पुढच्या तीन महिन्यांनी परत तेच. ग्वारिओनेक्स नावाच्या एका प्रमुखाने कोलंबसला सांगून पाहिलं, की सोनं आमच्याकडे जमत नाही, त्याऐवजी बेटाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत शेती लावून देतो, तुम्हाला धान्य कमी पडणार नाही. ही नोंद लास कासास या पाद्र्याने करून ठेवली आहे. कोलंबसला धान्य नको होतं. लोक डोंगरात पळाले, शेतं ओस पडली, उपासमार झाली. त्यातच १४९५ मध्ये पाचशेच्या वर ताइनोंना गुलाम म्हणून जहाजांत भरून स्पेनला पाठवलं, त्यातले सुमारे दोनशे वाटेतच मेले. पुढे युरोपातल्या रोगांनी उरलंसुरलं उरकलं. १५१४ मध्ये त्या बेटावर शिरगणती झाली तेव्हा सुमारे २६ हजार ताइनो शिल्लक होते. आधी किती होते यावर अभ्यासक भांडतात. लाखांच्या खाली फारसं कोणी येत नाही.

आता यातला खरा ट्विस्ट. घुंगरांचं माप आणि गळ्यातला बिल्ला, हे सगळं लिहून कोणी ठेवलंय? कोलंबसचा धाकटा मुलगा फर्नांदो याने, वडिलांच्या चरित्रात. सिनेमाही याच फर्नांदोच्या आठवणींतून सांगितलाय. संत्र्याच्या सीनमधला तो छोटा मुलगा, तोच. वडिलांची बाजू मांडायलाच त्याने पुस्तक लिहिलं, तरी हे लपवावं असं त्याला वाटलं नाही. त्याच्या दृष्टीने ही उत्तम व्यवस्था होती! मुलाला जे सांगताना लाज वाटली नाही ते चारशे-पाचशे वर्षांनी हॉलिवूडला सांगताना वाटली, आणि म्हणून काळ्या कपड्यांतला व्हिलन आणावा लागला.

असंच बोबादियाचं. सिनेमात हा कोलंबसला अटक करायला आलेला कोरडा, सुतकी चेहऱ्याचा अधिकारी. आपल्याला तो टिपिकल ऑडिटर वाटतो, ज्याने आयुष्यात काही घडवलं नाही तो घडवणाऱ्याच्या फायली तपासतोय. पण या बोबादियाने घेतलेल्या साक्षींचा कागद स्पेनमधल्या जुन्या दफ्तरात सापडला आणि २००६ मध्ये इतिहासकार कोन्सुएलो वारेला यांनी तो प्रसिद्ध केला. त्यात कोलंबस भावंडांच्या कारभाराबद्दल २३ जण बोललेत. कान-नाक कापण्याच्या शिक्षा, चाबकाचे फटके, स्पॅनिश लोकांनासुद्धा. स्कॉटला १९९२ मध्ये हा कागद ठाऊक असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तेवढी सूट त्याला द्यायला हवी. घुंगरांना मात्र सूट नाही, ती छापील पुस्तकात १५७१ पासून आहेत.

हीच गोष्ट किनाऱ्यावर उभं राहून सांगितली तर कशी दिसते? त्यासाठी लांब जायला नको. २०११ चा ‘उरुमी’ बघा, संतोष सिवनचा मल्याळम सिनेमा. इथे जहाजातून येणारा आहे वास्को द गामा. तोच, ज्याच्या नावाच्या स्टेशनावर गोवा एक्स्प्रेस थांबते आणि आपण बॅगा सांभाळत “आलं वास्को” म्हणत उतरतो. १४९८ मध्ये तो कालिकतला पोचला, म्हणजे कोलंबसला जे जमलं नाही ते याने केलं. १५०२ मध्ये परत आला तेव्हा मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज त्याने लुटलं आणि बायकापोरांसकट शेकडो माणसं आत असताना पेटवून दिलं. ‘उरुमी’ची सगळी गोष्ट याच जळत्या जहाजातून निघते. त्या जहाजातल्या मेलेल्या बायकांच्या दागिन्यांपासून केळू नावाचा पोरगा, म्हणजे पुढचा पृथ्वीराज, आपली उरुमी तलवार बनवून घेतो. सोबत प्रभुदेवा, आणि तलवार परजणारी अरक्कल आयेशा झालीये आपली जेनेलिया. ‘वेड’मधल्या श्रावणीला हातात शस्त्र घेतलेलं बघायचं असेल तर एवढ्यासाठीही बघा.

‘उरुमी’ म्हणजे इतिहास नव्हे हं. केळू काल्पनिक, मारामाऱ्या तेलुगू सिनेमाला लाजवतील अशा, आणि मध्येच गाणी. आपला हीरोही देपार्द्यूइतकाच धुतल्या तांदळासारखा. पण जहाज क्षितिजावर दिसतं तेव्हा तुमच्या पोटात गोळा येतो, काटा नाही. कॅमेरा कुठे उभा केलाय, एवढाच फरक. फिलिपिन्सच्या लाव्ह डियाझने २०२५ मध्ये कानला दाखवलेल्या ‘मॅगेलन’मध्येही कॅमेरा तिथेच आहे. तो मात्र संथ आहे, ऑफिसनंतर बघू नका, झोपाल.

वीकेंडला हे दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा, आधी ‘१४९२’, मग ‘उरुमी’. अलिबागला कोणाच्या फार्महाऊसवर जाणार असाल तर तिथेच लावा. हॅमॉकमध्ये पडून, बार्बेक्यू पेटवून. हे दोन्ही शब्द ताइनो भाषेतून स्पॅनिशमध्ये गेले आणि तिथून जगभर पसरले. हरिकेन आणि कनूसुद्धा. टार्गेट पूर्ण न करू शकलेल्यांचे शब्द तेवढे आपल्यापर्यंत पोचले.

आणि ‘१४९२’ बघताना उतापानच्या शेवटच्या सीनला मोबाइल बाजूला ठेवा. उतापान म्हणजे कोलंबसची भाषा शिकून त्याचा दुभाषी झालेला ताइनो. पुढे सगळं बिघडल्यावर तो साथ सोडून निघतो. कोलंबस कळवळून विचारतो, की तू तर माझ्याशी बोलायचास, आता का नाही बोलत? उतापान एवढंच म्हणतो, की तू माझी भाषा कधी शिकलाच नाहीस. आणि निघून जातो. हे सांगायलाही त्याला कोलंबसचीच भाषा वापरावी लागते.